उंबराच्या वळणावरचं वारं

आप्पा,

परवा रविवारी मी तुमच्या डोंगरातल्या वाटेनं सायकलवरनं खाली उतरले. अठरा वर्षांनी. पुढं तुमची नात होती आणि मागं मी. उतारावर पोरीला पुढं घातलंस म्हणून तुम्ही मला तिथंच फैलावर घेतलं असतं, ठाऊक आहे मला. पण सोळा वर्षांची पोर आईचं ऐकते होय? तिची सायकल एकवीस गिअरची, पुढच्या चाकाला स्प्रिंगा, डोक्यावर ते प्लास्टिकचं टोपडं. माझी सायकल तिच्या मैत्रिणीची मागून आणलेली, सीट इतकी उंच की चढ चढतानाच निम्मा जीव गेला. घरी आले, आंघोळ केली, भाकरी करायला घेतल्या, आणि दुसरी भाकरी तव्यावर करपून काळी झाली तरी मला वास आला नाही. तुमच्या जावयानं आत येऊन गॅस बंद केला. तेव्हाच ठरवलं, हे एकदा लिहून काढायचं. तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली. तोंडानं सांगायची वेळ मी घालवली, आता हातानं तरी सांगते.

तुम्ही फॉरेस्टात गार्ड होता. पन्हाळ्याच्या अंगाचा तो डोंगर म्हणजे तुमचं बीट, तुमच्या गस्तीचा इलाखा. वरच्या माळावर उभं राहिलं की कोल्हापूर शहर असं हाताच्या अंतरावर दिसायचं, आणि तरी मधल्या रानात भर दुपारी अंधारून यायचं. बाकीचे गार्ड काठी घेऊन पायी फिरायचे. तुम्ही सायकल काढलीत. काळी, बावीस इंची, दूधवाले किटल्या अडकवून नेतात तसली. तिचं मडगार्ड काढलंत, कारण तांबड्या मातीचा चिखल त्यात अडकून चाक फिरायचं थांबायचं. चेनकव्हर काढलंत, स्टँड काढलंत, घंटीसुद्धा काढलीत. "रानात घंटी वाजवायची म्हंजे देवळात शिट्टी मारल्यागत हाय," म्हणायचा. गुरं फिरून फिरून पडलेल्या बोटभर पायवाटेवरनं तुम्ही ती सायकल अशी खाली आणायचा की खालच्या वाडीतली माणसं कामं सोडून बघत उभी राहायची. गार्डाला येड लागलंय असं म्हणायची, पण म्हणताना त्यांच्या तोंडावर कौतुक असायचं. आज शहरातली पोरं त्याला काहीतरी इंग्रजी नाव देतात, त्याचे कपडे वेगळे, बूट वेगळे. तुम्ही ते खाकी हाफपँट आणि कोल्हापुरी चपलेवर करत होता.

मी दहावी झाले तेव्हा तुम्ही मला सायकल आणलीत, तीही दांडीची. आईनं कपाळावर हात मारून घेतला. "पोरीच्या जातीला दांडीची सायकल! टांग मारून बसणार व्हय ही गावातनं? लोक मलाच बोलतील की." तुम्ही शांतपणे हात पुसत म्हणालात, "बिनदांडीची सायकल उतारावर कुरकुरती. पोरगी पडली तर लोक येणार हाईत का उचलायला?" आई त्यावर आठ दिवस तुमच्याशी बोलली नाही, भाकरी मात्र वेळेवर आणि जरा जोरातच ताटात टाकायची.

तुमची शिकवायची तऱ्हा अशी की निम्मं शिकवणं आणि निम्म्या शिव्या. उतारावर बूड सीटवरनं उचल. पुढचा ब्रेक विसरून जा, न्हाईतर तोंडानं नांगरट करशील. आणि सगळ्यांत मोठं म्हणजे नजर लांब ठेव. "दगडाकडं बघू नको गं! दगडाकडं बघितलीस की दगडावरच जाशील. जिकडं बघशील तिकडं चाक जातंय." मी पहिले दोन महिने दगडाकडंच बघितलं. दोन्ही गुडघ्यांवर त्या खुणा अजून आहेत. आणखी एक नियम होता, तो तुम्ही कधी मोडू दिला नाहीत. चढाला मी पुढं, उताराला तुम्ही पुढं. चढाला मी दमले तर तुम्हाला मागनं ढकलता यावं म्हणून, आणि उताराला वाटेत काही असलंच तर ते आधी तुम्हाला भेटावं म्हणून.

वाटेत काही म्हणजे काय, ते आपण कधी तोंडानं म्हणायचो नाही. रानात जनावराचं नाव घेतलं की ते समोर येतं, असं तुमचे वडील सांगायचे आणि तुम्हीही तेच पाळत आलात. तुमचा एकच शब्द होता, पावणं. साप असला तर लांब पावणं, बिबट्या असला तर ठिपक्याचं पावणं, आणि गवा असला तर थोरलं पावणं. घाई असली की नुसतं पावणं. तो शब्द कानावर पडला की असेल तिथं थांबायचं, पाय टेकायचे, श्वासही हळू घ्यायचा. मला हे इतकं अंगवळणी पडलं होतं की एकदा गगनबावड्याचे मामा घरी आले, तुम्ही अंगणातनं ओरडलात, "पावणं आलंय गं!" आणि मी आतनं विचारलं, "लांब का थोरलं?" मामांचं पोट तुम्हाला माहीत आहे. ते बिचारे वर्षभर माझ्याशी धड बोलले नाहीत, आणि तुम्ही आणि मी घरामागच्या परड्यात जाऊन पोट धरून हसलो होतो.

त्याच शब्दानं घात केला आप्पा. शब्दानं कसला, मीच केला.

मी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होते. संक्रांत होऊन गेली होती, रान वाळून कडकडीत झालं होतं. त्या रविवारी चार वाजता मला बघायला पेठ वडगावचे पावणं येणार होते. तुम्ही मला विचारलं नव्हतंत. आईनं शनिवारी नवी साडी पलंगावर ठेवली, तेव्हा मला कळलं. सकाळी मी चूल फुंकत होते का भांडत होते, मलाच कळत नव्हतं. आई शेव पाडत होती आणि मी प्रत्येक डबा आपटून ठेवत होते. तुम्ही दारात येऊन म्हणालात, "चल, डोंगरात एक फेरी मारून येऊ. डोकं थंड हुईल. पावणं चारला हाईत, बारापर्यंत माघारी येऊ." आई ओरडली, "आजच्या दिवशी? आणि हातपाय मोडून घेतलं म्हंजे?" तुम्ही हसलात. तुम्हाला वाटत होतं, डोंगरात गेलं की सगळं सुटतं.

वर माळावर पोचलो तेव्हा मी तोंड उघडलं. काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही, काही गोष्टी लिहायलाही लाज वाटते. मी म्हटलं, दांडीची सायकल देताना लोकांना भीक घातली नाहीत, आणि लग्नाची वेळ आली तशी मला दावणीची म्हैस केलीत. तुम्ही कधी नव्हे ते गडबडलात. "अगं, बघून तर घे की. बघितल्यानं काय लगीन हुतंय व्हय?" मी म्हटलं, "मला बघायचं न्हाय. तुमचं पावणं तुम्हीच बघा." आणि सायकलवर टांग मारली नि उताराला लागले. तुमच्या पुढं. चार वर्षांत पहिल्यांदा.

ती वाट तुम्हाला माहीत आहे, नागमोडी आहे. वरच्या वळणावरनं खालचं वळण झुडपांतनं दिसतं, पण खालच्या वळणाशी पोचलेल्याला पुढचं काही दिसत नाही. मी उंबराच्या वळणाच्या अलीकडं होते तेव्हा वरनं तुमची हाक आली. "पावणं! ए पोरी, थांब! पावणं हाईत!"

त्या क्षणी माझ्या डोक्यात काय आलं ते मला आजही जसंच्या तसं आठवतं. मला वाटलं, बघा, अजून तेच. चार वाजता पावणं हाईत, जरा हळू जा, हातपाय मोडून घेऊ नको, तोंड खरचटलं तर वडगावचे काय म्हणतील. आईचं बोलणं आता ह्यांच्या तोंडात आलं. आणि मी मागचा ब्रेक धरला होता, तो सोडला.

वळण घेतलं आणि समोर गव्याची मादी उभी. वीस पावलांवर, काळीभोर, पायात पांढरे मोजे घातल्यासारखी, आणि पोटाशी तांबूस पिल्लू. मी सायकल आडवी टाकली आणि तिथंच बसले. तिनं मान खाली घेतली. आणि त्याच वेळी वरनं, वाट सोडून, करवंदीच्या जाळ्या फोडत तुम्ही सायकलसकट सरळ खाली आलात. तिच्या आणि माझ्या मधोमध. लोखंडाचा असा आवाज झाला की सगळं रान उठलं. ती तुमच्यावर गेली. सायकल एकीकडं उडाली, तुम्ही दुसरीकडं, दगडावर. मग ती पिल्लाला घेऊन उतारानं निघून गेली. हे सगळं व्हायला पेलाभर पाणी प्यायला लागतो तेवढाही वेळ लागला नसेल.

मी जवळ आले तेव्हा तुमचा उजवा पाय गुडघ्याखाली भलतीकडंच वळला होता. तुमचा पहिला प्रश्न, "तुला लागलं का गं?" आणि माझं पहिलं वाक्य हे, "आप्पा, मला ऐकूच आलं न्हाय. वारं हुतं."

तुम्ही दात आवळून माझ्याकडं बघितलंत. मग म्हणालात, "व्हय. वारं लई हाय आज."

मग मला जवळ बसवून सांगितलंत की गव्याचं नाव कुणापुढं काढायचं नाही. "पोरगी रानात काय करत हुती म्हणतील. वडगावच्या पावण्यांच्या कानावर जाईल. आणि माणसं काठ्या-कोयतं घेऊन त्या जनावराच्या मागं लागतील. त्याचं काय चुकलं? पिल्लू हुतं संगं. मी पाल्यावरनं घसरलो. झालं." मी मान हलवली. मी वाडीतनं चार माणसं बोलावून आणली, ती घोंगड्याची झोळी करून तुम्हाला घेऊन खाली येईतोवर तीन वाजले, तर आपल्या दारात जीप उभी. पावणं तासभर लवकरच आले होते. त्यांच्याच जीपमधनं तुम्हाला कोल्हापूरला सरकारी दवाखान्यात नेलं. मला बघायला आलेल्या पोरानं तुमचा तो पाय सगळा रस्ताभर मांडीवर धरून ठेवला होता. नव्या कोऱ्या पांढऱ्या पँटवर तांबडी माती आणि रक्त. एकदाही त्यानं पँटकडं बघितलं नाही. पुढं मी त्याला हो म्हटलं तेव्हा तुम्ही विचारलंत, मनापासून म्हणतीस न्हवं? मी म्हटलं, माणूस चांगला आहे. माणूस चांगला निघालाही. पण खरं सांगायचं तर त्या दिवसानंतर तुम्हाला कशालाच नाही म्हणायची माझी ताकद उरली नव्हती.

पाय दोन इंच आखूड झाला. सायकलवर बसणं सुटलं. तुम्हाला फॉरेस्टच्या नाक्यावर बसवलं, आडवा बांबू वर करायचा आणि खाली करायचा. सायकल गोठ्याच्या आढ्याला टांगली, तिच्यावर कोंबड्या बसायला लागल्या. गावानं मात्र तुम्हाला सोडलं नाही. आपल्याकडं कुणाला सोडतात होय! मी माहेरपणाला आले होते, तुमच्यासाठी तंबाखू आणायला टपरीवर गेले. तुम्ही बाकावर बसला होता, तुमची पाठ होती माझ्याकडं. कुणीतरी म्हणालं, "काय गार्ड, वाघासारखा माणूस आणि पालापाचोळ्यावर घसरला व्हय? आमची म्हातारी घसरत न्हाई तिथं!" सगळे खदखदून हसले. तुम्हीही हसलात. म्हणालात, "वय झालं की मर्दा." चव्वेचाळीस वर्षांचे होता तुम्ही. मी तंबाखू न घेताच माघारी वळले, आणि घरी येऊन दुकान बंद होतं म्हणून सांगितलं.

मग ती गिअरच्या सायकलींची पोरं यायला लागली. रविवारी सकाळी कोल्हापुरातनं चार-पाचजण यायचे, नाक्यावर थांबून वाट विचारायचे. मी त्या दिवशी लेकीला घेऊन तुमच्याजवळ बसले होते. तुम्ही लंगडत उठलात, सायकलीभोवती फिरलात, मागच्या चाकाच्या त्या दातेरी चकत्या मोजल्यात. "आयला, एवढी? आमच्या सायकलला एकच हुती, आणि तीबी झिजल्याली." मग गंभीर झालात. "पावणं, उंबराच्या वळणावर हळू. वाट न्हाय दिसत तिथं. नजर लांब ठेवा." त्यातल्या एका पोरानं अदबीनं विचारलं, "काका, तुम्ही चालवायचा का इथनं?" "चालवायचो की. पडलो एकदा." "कसे काय?" तुम्ही माझ्याकडं बघितलं नाहीत. लेकीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणालात, "माझीच चूक. पुढं जायाला पायजे हुतं, मागं ऱ्हायलो." ती पोरं गेली. मी तेव्हा तरी बोलायचं. तुम्ही होता, मी होते, तिसरं कुणी मोठं माणूस नव्हतं. मी लेकीचं नाक पुसत बसले.

शेवटी छातीच्या दुखण्यानं तुम्हाला अंथरुणाला खिळवलं, तेव्हा मी पंधरा दिवस येऊन राहिले होते. एका दुपारी आई जरा लवंडली होती. मी तुमचे पाय चेपत होते, उजवा हाताला लागला आणि माझ्या तोंडातनं निघून गेलं, "आप्पा, त्या दिवशी डोंगरात..." तुम्ही डोळे न उघडता म्हणालात, "खिडकी लाव गं. वारं येतंय." बाहेर मे महिना तापला होता. चिंचेचं पान हलत नव्हतं. मला वाटलं, ताप डोक्यात चढलाय. मी उठले, खिडकी लावली, आणि परत बसल्यावर तो विषय निघालाच नाही. तिसऱ्या दिवशी तुम्ही गेलात.

आता परवाचं सांगते. नात पुढं, मी मागं. वरच्या वळणावर आले आणि झुडपातनं खाली मला काळं काहीतरी दिसलं, उंबराच्या वळणावर, वाटेच्या मधोमध. माझ्या तोंडातनं काय निघालं सांगू? "पावणं!" अठरा वर्षांत तो शब्द त्या अर्थानं मी उच्चारला नव्हता. पोरीनं तिथल्या तिथं ब्रेक दाबला, पाय टेकले, गप उभी राहिली. तुम्हीच नाक्यावर मांडीवर घेऊन शिकवलं होतंत तिला, लांब पावणं, ठिपक्याचं पावणं. मी विसरले होते, ती विसरली नव्हती. मग ती खाली वाकून बघायला लागली आणि हसत सुटली. "आई, म्हैस आहे गं! वाडीतली म्हैस!"

मी तिच्यापर्यंत पोचले. म्हटलं, "तुला ऐकू आलं?"

"म्हणजे काय! कानात ओरडल्यासारखं आलं. इथं बघ ना किती शांत आहे, वाराच नाही."

तिच्या चाकांनी उडालेली धूळ हवेत तशीच लटकली होती, हळूहळू सरळ खाली बसत होती. आणि मला आठवलं. पहिल्याच वर्षी तुम्ही मला त्या उंबराखाली उभं केलं होतंत, चिमूटभर माती उचलून डोक्याच्या उंचीवरनं सोडली होतीत, आणि ती सरळ माझ्या पायाशी पडली होती. "बघ. तिन्ही बाजूनी डोंगर. हितं बारा महिने वारं शिरत न्हाय. म्हणून जनावर हितं येऊन बसतंय. आणि म्हणून हितं हळू बोलायचं, वरनं कुजबुजलं तरी खाली ऐकू येतंय."

तुम्हीच मला सांगितलं होतंत. वीस वर्षं त्या वाटेनं फिरणारा माणूस, मोडलेला पाय घेऊन त्याच उंबराखाली पडलेला, आणि मी त्याला सांगते वारं हुतं. आणि तो म्हणतो, व्हय, लई हाय.

म्हैस हाकलून आम्ही निघालो. पोरगी विचारत होती, "आई, आजोबा इथंच घसरले होते ना गं, पाल्यावरनं?" आप्पा, मी व्हय म्हटलं. एवढं सगळं कळल्यावरही तिला व्हयच म्हटलं. म्हणून आज हे लिहायला बसले, की आधी तुमच्यापुढं खरं बोलावं आणि मग कागद तिच्या हातात द्यावा. पण आता तिच्या सायकलचा आवाज दारात आला आणि मी कागद पाटाखाली सरकवलाय. तिला कधी देईन, मला ठाऊक नाही. तुम्हाला तरी सांगते.

ऐकलं होतं मी. वारं नव्हतं.